बारा टक्के म्हणजे नेमके किती?

कराड तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची पिठाची गिरणी आहे आणि तिच्या शेजारीच त्यांना मिरची कांडप यंत्र बसवायचे आहे. मोटर आणि जोडणी धरून यंत्राची किंमत २,८५,००० रुपये होते. गावातील नागरी पतसंस्था त्यांना ३,००,००० रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्के सरळव्याजाने देण्यास तयार आहे. हप्ता ११,३३३ रुपयांचा असून त्यासाठी पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानावरून ३८० रुपये नेणार आहे. कर्जातून भागांपोटी (शेअर्ससाठी) १५,००० रुपये, प्रोसेसिंग फी जीएसटीसह ३,५४० रुपये, कर्ज सुरक्षा विम्याचे २,००० रुपये आणि दस्तऐवज खर्चाचे ४६० रुपये कापले जातील. जामीनदार दोन हवेत. त्यांपैकी एक म्हणजे त्यांचे दीर, जे एका अनुदानित शाळेत लिपिक आहेत. दुसरीकडे एका खाजगी बँकेने तेवढीच रक्कम तेवढ्याच मुदतीसाठी घटत्या बाकीवर १४ टक्क्यांनी देऊ केली आहे. तिचा हप्ता १०,२५३ रुपये आहे, प्रोसेसिंग फी जीएसटीसह ७,०८० रुपये आहे आणि जामीनदार लागणार नाही. त्या लिहितात, “पतसंस्थेचे बारा, बँकेचे चौदा. दोन टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला सहा हजार आणि तीन वर्षांत अठरा हजार रुपये वाचतील. शिवाय संस्था आपली, माणसे ओळखीची. तरी माझा भाचा म्हणतो की बँकच स्वस्त आहे. त्याचे म्हणणे मला समजत नाही. योग्य काय ते सांगावे.”

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रात प्रत्येक कपात वेगळी लिहिलीत, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मोघम सल्ल्याऐवजी आकड्यांत देता येते. माझ्या आयुष्याची बरीच वर्षे पतसंस्थांचे हिशेब तपासण्यात गेली आहेत आणि या संस्थांविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र त्याच कामात असेही पुन्हा पुन्हा दिसले, की कर्जदार दर विचारतो, संस्था दर सांगते, आणि तो दर कोणत्या रकमेवर, किती काळासाठी लागणार आहे हा प्रश्न कोणीच विचारत नाही. तुमचा भाचा त्याच प्रश्नाकडे बोट दाखवीत आहे. त्याचे म्हणणे आजच्या घडीला बरोबर आहे. पण संस्थेने दोन गोष्टी मान्य केल्या तर ते चूक ठरू शकते, आणि म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम सरळव्याज म्हणजे काय ते पाहू. तीन लाखांवर १२ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ३६,००० रुपये आणि तीन वर्षांचे १,०८,००० रुपये. ते मुद्दलात मिळवून ४,०८,००० रुपयांचे ३६ भाग केले की ११,३३३ रुपयांचा हप्ता येतो. यात आकडेमोड चुकलेली नाही. चुकते ते वेगळेच. तुम्ही तीन लाख रुपये तीन वर्षे स्वतःकडे ठेवतच नाही. पहिल्या महिन्यापासून तुम्ही मुद्दल परत करू लागता. दरमहा ८,३३३ रुपये मुद्दल फिटते असे धरले, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस दोन लाख उरतात आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एक लाख. तिसऱ्या वर्षात तुमच्याकडे संस्थेचे सरासरी ५४ हजार रुपयेच असतात. तरीही त्या वर्षी तुम्ही व्याज भरता ते पूर्ण तीन लाखांवरचे, म्हणजे ३६,००० रुपये. चोपन्न हजारांच्या वापरासाठी छत्तीस हजार. सरळव्याजाची खरी किंमत या एका वाक्यात सापडते. बँक जे १४ टक्के सांगते ते मात्र त्या त्या महिन्यात शिल्लक असलेल्या बाकीवरच आकारले जाते.

म्हणून बारा आणि चौदा हे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, कारण ती दोन वेगळी मापे आहेत, जसे एकीकडे शेर आणि दुसरीकडे किलो. दोन्ही एकाच मापात आणायचे तर सरळव्याजाचा दर घटत्या बाकीवरच्या दरात बदलून घ्यावा लागतो. तुमचा ११,३३३ रुपयांचा हप्ता घटत्या बाकीच्या भाषेत वार्षिक २१.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सव्वाएकवीस टक्के पडतो. तीन वर्षांच्या मुदतीत सरळव्याजाचा बारा टक्के दर साधारण पावणेदोन पट होतो, हे लक्षात ठेवायला सोपे आहे. हाच १२ टक्के दर संस्थेने घटत्या बाकीवर लावला असता तर तुमचा हप्ता ११,३३३ नव्हे, ९,९६४ रुपये आला असता. एकूण फेड ४,०८,००० ऐवजी सुमारे ३,५८,७०० रुपये झाली असती. फलकावरचा दर तोच राहून जवळजवळ ४९,३०० रुपयांचा फरक केवळ आकारणीच्या पद्धतीने पडतो.

आता कपातींकडे वळू. कागदावर तुमचे कर्ज तीन लाखांचे आहे, पण १५,००० अधिक ३,५४० अधिक २,००० अधिक ४६० वजा केले की हातात येतात २,७९,००० रुपये. व्याज मात्र तीन लाखांवर. यंत्र २,८५,००० रुपयांचे आहे, म्हणजे हे कर्ज घेऊनही यंत्रासाठी सहा हजार कमीच पडतात. ते भरून काढायचे तर कर्ज सुमारे ३,०६,५०० रुपयांचे घ्यावे लागेल, आणि कर्ज वाढले की भागांची रक्कम व फीसुद्धा वाढणार. बँकेकडून ७,०८० रुपये वजा होऊन २,९२,९२० रुपये हातात येतात. त्यात यंत्र बसते आणि वर थोडे उरतात.

कर्जाची खरी किंमत शोधण्यासाठी मी एकच पद्धत वापरतो आणि तीच तुम्हालाही सुचवतो. कागदावर दोन रकाने आखावेत. एकात आपल्या हातात प्रत्यक्ष किती पैसे आले आणि कोणत्या तारखेला आले ते लिहावे. दुसऱ्यात आपल्या हातून किती गेले आणि कोणत्या तारखेला गेले ते लिहावे. त्याला व्याज म्हणायचे, फी म्हणायची की वर्गणी, हा नावाचा प्रश्न बाजूला ठेवावा. या दोन रकान्यांतून जो वार्षिक दर निघतो तोच कर्जाचा दर. भाच्याच्या मोबाइलवर गूगल शीट्स असेल तर त्यात ‘रेट’ नावाचे सूत्र आहे. त्यात पहिल्या जागी हप्त्यांची संख्या ३६, दुसऱ्या जागी उणे चिन्हासह हप्ता ११,३३३ आणि तिसऱ्या जागी हाती आलेली रक्कम २,७९,००० लिहावी, आणि येणाऱ्या उत्तराला बाराने गुणावे. शेवटी काही रक्कम परत मिळणार असेल, जसे तुमचे भागांचे १५,००० रुपये, तर ती चौथ्या जागी लिहावी. आकड्यांत स्वल्पविराम घालू नयेत, नाहीतर सूत्र चुकते.

मी हा हिशेब करून पाहिला. भागांचे १५,००० रुपये कर्ज फिटल्यावर लगेच परत मिळाले असे धरले, तर पतसंस्थेचे कर्ज आजच्या अटींवर वार्षिक पावणेपंचवीस टक्क्यांना पडते. भाग परत मिळालेच नाहीत तर ते साडेसव्वीसच्याही थोडे वर जाते. बँकेचे कर्ज फी धरून पावणेसोळा टक्क्यांना पडते. तुम्ही ज्याला दोन टक्क्यांची बचत समजत होता तो प्रत्यक्षात नऊ टक्क्यांचा जादा भार आहे. रुपयांत सांगायचे तर बँकेपेक्षा दरमहा १,०८० रुपये जास्त आणि तीन वर्षांत सुमारे ३८,९०० रुपये जास्त. हातात येणारी रक्कम १३,९२० रुपयांनी कमी आहे ती वेगळीच.

इथवर वाचून तुम्ही संस्थेचा नाद सोडाल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो. संस्थेने तुम्हाला हेच १२ टक्के घटत्या बाकीवर दिले, बाकीच्या सगळ्या कपाती आहेत तशाच ठेवल्या आणि भागांची रक्कम शेवटी परत दिली, तर तिचा खरा दर पावणेपंधरा टक्के होतो, म्हणजे बँकेपेक्षा एक टक्क्याने स्वस्त. पण त्याच परिस्थितीत भाग परत मिळाले नाहीत तर तो दर सतरा टक्क्यांवर जातो आणि बँक पुन्हा स्वस्त ठरते. तेव्हा ताई, निर्णय फलकावरच्या दरावर नव्हे, दोन उत्तरांवर अवलंबून आहे. व्याज घटत्या बाकीवर लागणार का, आणि माझे १५,००० रुपये मला केव्हा व कसे परत मिळणार. हे दोन प्रश्न तुम्ही शाखेत लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखी घ्यावे. तोंडी विचारायचे असेल तर पहिल्या प्रश्नासाठी एक सोपी युक्ती आहे. पद्धतीचे नाव न घेता फक्त एवढेच विचारा की हप्ता ९,९६४ होईल की ११,३३३. हप्ता सांगताना पद्धत लपवता येत नाही.

भागांविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण पतसंस्थेच्या कर्जाचे वेगळेपण तिथेच आहे. बँकेचे कर्ज घेणारा तिचा ग्राहक असतो, तर पतसंस्थेचे कर्ज घेणारा तिचा सभासद, म्हणजे मालकांपैकी एक असतो. भागांचे पैसे ही ठेव नाही, ते संस्थेच्या भांडवलातील तुमचे अंशदान आहे. त्यावर नफा झाल्यास लाभांश मिळतो, न झाल्यास मिळत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६७ प्रमाणे सहकार खात्यातील निबंधकांच्या पूर्वपरवानगीशिवाय १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही, त्यामुळे त्याहून मोठ्या आश्वासनावर विश्वास ठेवू नये. तुमच्या १५,००० रुपयांवर दरवर्षी १० टक्के लाभांश मिळाला, म्हणजे वर्षाला १,५०० रुपये, तरी पावणेपंचवीसचा दर सुमारे चोवीसवर येतो, एवढाच त्याचा परिणाम. ‘व्याज जास्त वाटले तरी लाभांशातून परत मिळते’ असे कोणी सांगितले, तर हा आकडा त्यांच्यासमोर ठेवावा. लाभांश भागांच्या प्रमाणात मिळतो, भरलेल्या व्याजाच्या प्रमाणात नाही. शिवाय निव्वळ नफ्याचा किमान एक चतुर्थांश भाग राखीव निधीत टाकावा लागतो. संस्थेच्या बळकटीसाठी ते आवश्यकच आहे, पण तो पैसा वैयक्तिकरीत्या तुमच्याकडे परत येत नाही. काही संस्था नियमित फेड करणाऱ्या सभासदाला व्याजात सूट देतात. तुमच्या संस्थेत तशी तरतूद आहे का ते जरूर विचारावे, कारण ती सूट लाभांशापेक्षा कर्जदाराच्या अधिक उपयोगाची असते.

आणखी एक बारकावा आहे. तुम्हाला नियमित सभासद करून घेत आहेत की नाममात्र सभासद, हे पाहून घ्या. नाममात्र सभासदाला संस्थेच्या नफ्यात वाटा नसतो. १५,००० रुपये घेतले जात असतील तर त्यांचा भाग दाखला तुमच्या नावाने मिळायला हवा आणि पावतीवर ती रक्कम ‘भाग भांडवल’ म्हणूनच दिसायला हवी. भाग परत करण्याविषयी पोटनियमांत काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. सभासदाला पोटनियम, लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क कलम ३२ ने दिला आहे, त्यामुळे हे मागताना संकोच करण्याचे कारण नाही. अनेक ठिकाणी असे दिसते की कर्ज फिटते, ते फिटल्याचा दाखला मिळतो, पण भाग ‘पुढच्या कर्जासाठी राहू द्या’ म्हणून तसेच राहतात आणि सभासदही विसरून जातो. तुमच्या बाबतीत या विसरण्याची किंमत सुमारे दोन ते अडीच टक्के आहे, ती वर सांगितलीच.

पिग्मीचा मुद्दा पत्रात तुम्ही सोय म्हणून लिहिला आहे आणि ती सोय खरीच आहे. गिरणीवर रोज सुटे पैसे येतात. महिन्याअखेर अकरा हजार एकदम काढण्यापेक्षा रोज ३८० रुपये देणे सोपे जाते आणि हप्ता चुकत नाही. परंतु रोज दिलेले पैसे कर्जखात्यात रोज जमा होतात, की पिग्मी खात्यात साठून महिन्याअखेर वळते होतात, याची चौकशी करावी. महिन्याअखेर वळते होत असतील, तर सरासरी पंधरा दिवस तुमचा पैसा संस्थेकडे असतो आणि तुमचे कर्ज मात्र तेवढेच राहते. या एका गोष्टीने खरा दर आणखी सुमारे अर्धा ते पाऊण टक्क्याने वाढतो. शिवाय पतसंस्थेतील ठेवींना बँकेतील ठेवींप्रमाणे ठेव विमा व पत हमी महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण नाही. रोजच्या पुस्तकात एजंटाची सही त्याच वेळी घ्यावी आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन कर्जखात्याचा उतारा पाहावा, एवढी शिस्त पाळली तर पिग्मीला माझा विरोध नाही.

तुमचा धंदा हंगामी आहे, याकडे मात्र तुमच्या पत्रात दुर्लक्ष झालेले दिसते. चटणीचे दिवस फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत. पाऊस सुरू झाला की कांडप यंत्र बहुतेक बंद राहते आणि घर गिरणीच्या पिठावर चालते. हप्ता मात्र जुलैतही तेवढाच. म्हणून दंडव्याजाची अट आत्ताच समजून घ्या. थकबाकीवर दोन टक्के जादा, एवढेच सांगून भागत नाही. ते दोन टक्के थकलेल्या हप्त्यावर की संपूर्ण येणेबाकीवर? एक हप्ता महिनाभर थकला, तर ११,३३३ रुपयांवर दोन टक्क्यांनी १९ रुपये होतात. तेच दोन लाखांच्या येणेबाकीवर लावले तर ३३३ रुपये होतात. बँकांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आता दंड व्याजदरात मिसळून लावता येत नाही, तो वेगळा आकार म्हणून दाखवावा लागतो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली असल्याने तो नियम तिला लागू होत नाही. तिथे करारपत्रात जे लिहिले असेल ते पाळावे लागते. पावसाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त असा हप्ता बांधून देता येईल का, हेही संचालक मंडळाला विचारून पाहावे. गावातील संस्थेला तुमचा हंगाम ठाऊक आहे. ही समज ती दाखवू शकते आणि बँक सहसा दाखवत नाही. पतसंस्थेकडे जाण्याचे हे सर्वांत चांगले कारण आहे असे मी मानतो.

मुदतपूर्व फेडीचेही विचारून ठेवा. दोन हंगाम चांगले गेले आणि दीड वर्षात तुम्हाला कर्ज मिटवावेसे वाटले, तर सरळव्याजाच्या कर्जात संस्था उरलेले दीड लाख मुद्दल मागेल की पुढच्या दीड वर्षाचे ५४,००० रुपये व्याजही मागेल? पुढचे व्याजही मागितले, तर लवकर फेडण्यात तुमचा काहीच लाभ नाही. व्याज सोडणार असतील, तर ते किती व कसे मोजणार हे करारात असायला हवे. बँकेकडेही मुदतपूर्व फेडीचा आकार आहे का ते पाहावे. बँकेला १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे एक विवरणपत्र द्यावे लागते. त्यात सर्व आकार धरून वार्षिक दर छापलेला असतो आणि मी वर काढलेला पावणेसोळाचा आकडा तुम्हाला तिथे ताडून पाहता येईल. पतसंस्थेवर असे पत्रक देण्याचे बंधन नाही, म्हणून तेच सारे मुद्दे आपण विचारून कागदावर उतरवून घ्यायचे. विम्याच्या दोन हजारांचेही तसेच. विमा उपयोगाचा आहे, पण प्रमाणपत्राची प्रत तुमच्या घरात असायला हवी, नाहीतर गरज पडेल तेव्हा विमा होता हेच घरच्यांना कळणार नाही.

आता जामीनदारांविषयी, जिथे खर्च रुपयांत मोजता येत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी तुमच्याकडून वसुली करावी आणि मगच दिरांकडे यावे, असे बंधन संस्थेवर नाही. कर्ज थकले तर संस्था सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवू शकते आणि त्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते. तुमचे दीर पगारदार आहेत. त्यांच्याकडून पगारकपातीचे संमतीपत्र मागितले जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते दिले तर तुमचा थकलेला हप्ता त्यांच्या पगारातून जाईल. त्यांना स्वतःला घरासाठी वा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज लागले, तर ही जामीनकी तिथेही पुढे येऊ शकते. सासरच्या नात्यात हे किती नाजूक असते ते तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. दीर नाही म्हणणार नाहीत, हे तुमच्या पत्रावरून दिसतेच. म्हणूनच त्यांची सही घेण्यापूर्वी हप्ता, मुदत, दंड आणि पावसाळ्यातील अडचण हे सारे त्यांच्यासमोर मांडणे तुमच्याकडे लागते. बँक जामीनदार मागत नाही, याला माझ्या हिशेबात मोठे वजन आहे.

याच ओघात एक सावधगिरी सांगतो. तारण म्हणून सही केलेले कोरे धनादेश मागितले गेले, तर देऊ नका. रक्कम आणि तारीख भरलेले धनादेश द्यावेत, त्यांचे क्रमांक करारपत्रात लिहून घ्यावेत आणि कर्ज फिटल्यावर उरलेले परत मागावेत. धनादेश वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, आणि कोऱ्या धनादेशावर नंतर कोणती रक्कम लिहिली जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही.

‘संस्था आपली, माणसे ओळखीची’ या तुमच्या वाक्याला मी हलके मानत नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जखतांच्या होळ्या केल्या, त्याला कारण होते न समजणारे कागद आणि न संपणारे व्याज. १९०४ मध्ये सहकारी पतपुरवठ्याचा पहिला कायदा आला तो माणसाला अशा कर्जातून सोडवण्यासाठी. त्याच परंपरेतील संस्थेकडे तुम्ही निघाला आहात. तिथे सभासदाने हिशेब मागणे हा अविश्वास नाही, सहकाराची पद्धतच ती आहे. लेखापरीक्षणात संस्थेला ‘अ’ वर्ग असेल, तर ती नीट चालते असे त्यावरून समजावे. कर्ज स्वस्त आहे असे त्यावरून समजू नये. ओळखीची माणसे असतील, तर घटत्या बाकीची मागणी त्यांच्यासमोर मोकळेपणाने ठेवणे उलट सोपे आहे. व्यवस्थापकाला अधिकार नसेल तर संचालक मंडळाच्या नावे अर्ज द्यावा. मंडळाने नाही म्हटले, तर सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासद म्हणून हा विषय मांडता येतो. त्याचा तुमच्या या कर्जाला उपयोग होणार नाही, पण तुमच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या कुणा गिरणीवाल्या ताईला होईल.

माझे मत विचारलेत तर क्रम असा ठेवा. आधी तुमचे बचत खाते ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत असेल तिथे मुद्रा योजनेतील ‘किशोर’ गटाची चौकशी करा. ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंतचे व्यवसाय कर्ज त्या गटात येते आणि तारण लागत नाही. कागदपत्रांना वेळ लागेल, पण हंगामाला अवधी असेल तर तेवढी कळ सोसण्यासारखी आहे. तिथे जमले नाही, तर पतसंस्थेकडे घटत्या बाकीची आणि भाग परत मिळण्याची लेखी मागणी करा. दोन्ही मान्य झाल्यास आणि दिरांनी सारे समजून होकार दिल्यास तिथूनच कर्ज घ्या. दोहोंपैकी एकही नाकारले गेले, तर खाजगी बँकेचे १४ टक्के घ्या. बँकेच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. तिचे वेळेवर भरलेले हप्ते सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे नोंदले जातात आणि पुढे घरासाठी मोठे कर्ज घेताना कामी येतात. अनेक पतसंस्थांच्या कर्जांची तिथे नोंदच होत नाही. आजच्या अटींवर मात्र, म्हणजे ११,३३३ रुपयांच्या हप्त्यावर, पतसंस्थेच्या कागदांवर सही करू नये असे मी स्पष्टपणे सांगतो.

यंत्राचा व्यापारी हंगामाच्या आधी भाव वाढेल असे सांगून आगाऊ रक्कम मागेल. कोणत्याही एका ठिकाणचे मंजुरीपत्र, त्यावरील हप्ता आणि हातात येणारी निव्वळ रक्कम लिहिलेल्या स्वरूपात तुमच्याकडे येईपर्यंत त्याला इसार देऊ नका. पतसंस्थेचे उत्तर आले की त्याची प्रत मला जरूर पाठवा. त्यातील हप्ता मी पुन्हा मांडून पाहीन आणि तुम्हाला कळवीन.